धरून सोडलेली काठी

आमच्या भागात शौर्याला तोटा नाही. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तान्हाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. आंबेनळी घाट चढून गेलं की प्रतापगड. खाली महाडकडं वळलं की रायगड. आमची शाळा या सगळ्याच्या मधोमध. त्यामुळं पंधरा ऑगस्टला नाटुकलं बसवायचं म्हटलं की गुरुजींना विषय शोधावा लागत नसे. पुठ्ठ्याच्या तलवारी करायच्या आणि चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद त्यांना चिकटवायचा. महाराज कोण होणार, तान्हाजी कोण होणार, यावरून आमच्यात आधीच लढाई व्हायची. अफजलखान व्हायला कुणी राजी नसायचा, तो मान वर्गातल्या सगळ्यात जाड्या पोराला. आणि खानाची फौज म्हणून बौद्धवाडीतली पोरं उभी केलेली असत. असं का, हे तेव्हा मला सुचलं नाही. कुणालाच सुचलं नाही. ज्यांना सुचलं असेल ती फौजेत उभी होती.

हे सगळं आता आठवायचं कारण एक काठी.

१९७७ च्या मे महिन्यातली गोष्ट. माझी दहावीची परीक्षा झाली होती. पुढं शिकणं होणार नव्हतं, ते घरात कुणी न बोलताच ठरलं होतं. पावसाच्या आधी घर शाकारायचं काम चाललं होतं. आजा खाली आणि मी वर माळ्यावर. वासा आणि भिंत यांच्या सांध्यात धुरानं काळी पडलेली एक काठी सापडली. सरपणात जाईल म्हणून मी ती खाली टाकली. आज्यानं ती उचलली, धोतरानं पुसली आणि बराच वेळ मांडीवर घेऊन बसला. मग म्हणाला, "वर ठेव जिथं व्हती तिथं."

रात्री पडवीत मी विचारलं, "कसली काठी ती?" आमचा आजा बोलणारा माणूस नव्हता. दिवसभरात पन्नास शब्द बोलला तर पुष्कळ, त्यातले चाळीस बैलांशी. पण त्या रात्री बोलला.

"मी तवा एकोणीस-इसाचा असंन. शिमग्याचं दिस. पेंढ्याची गाडी घेऊन म्हाडला गेलो व्हतो. पेंढा इकला, मीठ घेतलं, सुकाट घेतलं, बैलांना पानी दावलं. तेवढ्यात बाजारात बोंब झाली, येरेसराच्या द्येवळात शिरत्यात. कोन शिरतंय ते मी नाय बघितलं. मानसं पळाया लागली तसा मी बी पळालो. हातात बैलांची काठी व्हतीच. एका बोळात तिघं-चौघं घावली व्हती. सगळी मारत व्हती, म्हून मी बी मारली. एकच मारली. खांद्यावर."

"कुणाला?"

"तोंड नाय बघितलं. खाकी डगला व्हता अंगात, पलटणीतला. दुसरी मारायला गेलो तर त्यानं काठी धरली. एका हातानं. लोखंडाचा हात रं. मला वाटलं, मेलो. ह्यो आता काठी हिसकावनार नि माजं डोस्कं फोडनार. माज्याकडं बघितलं त्यानं. मग सोडली काठी. नि गेला निघून."

एवढंच. मग बिडी पेटवली. बिडी संपल्यावर म्हणाला, "बाला नाय सांगितलं, आयला नाय सांगितलं. तुजं आता शिक्षान झालं, म्हून तुला सांगितलं." १९८४ साली आजा गेला. त्या सात वर्षांत तो विषय पुन्हा निघाला नाही. पुढं घर स्लॅबचं झालं तेव्हा ती काठी कुठं गेली, मला माहीत नाही.

माझं शिक्षण झालं असं आज्याला वाटलं, पण दहावी होऊनसुद्धा तो कशाबद्दल बोलतोय हे मला उमगलं नव्हतं. महाडला सत्याग्रह झाला होता आणि बाबासाहेब आंबेडकर आले होते, एवढं कानावर होतं. पण ते आणि आज्याची काठी एकाच दिवसातली, हे जुळायला बरीच वर्षं गेली. जुळल्यावर मी मिळेल ते वाचलं. महाडच्या वाचनालयातून पुस्तकं आणायचो, लावणी-कापणीच्या मधे वाचायचो.

तो दिवस २० मार्च १९२७, रविवार. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचा दुसरा दिवस. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मंजूर करून घेतला होता, आणि महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठरावही केला होता. कागदावर तळं तीन वर्षं खुलं होतं. पण पाणी प्यायला कुणी जाऊ शकत नव्हतं. गुरं जात होती. ही परिषद महाडला घ्यायची खटपट केली ती रामचंद्र बाबाजी मोरे यांनी, दासगावात वाढलेला आपल्याच तालुक्यातला तरुण. त्या दिवशी सकाळी परिषदेतली हजारो माणसं रांगेनं बाजारातून तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, मग बाकीच्यांनी. आणि सगळे शांतपणे मांडवात परत आले. त्यानंतर दोनेक तासांनी गावात आवई उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. कुणी शिरत नव्हतं. पण बोंब झाली ती झाली. मांडवावर जमाव चालून गेला, अन्नाची नासाडी केली, परतीच्या वाटेवर पांगलेल्या माणसांना बोळाबोळांत गाठून मारलं. बायाबापड्यांनाही सोडलं नाही. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला म्हणून वाचले.

तर त्यातल्या एका बोळात आमचा आजा होता.

आता त्या खाकी डगल्याबद्दल. महाड, दासगाव, रावढळ हा पट्टा पलटणीतल्या महार पेन्शनरांचा. गोपाळबाबा वलंगकर रावढळचे, तेही पलटणीतूनच निवृत्त झालेले. अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनी १८८८ साली पुस्तिका लिहिली आहे. पुढं इंग्रजांनी या समाजाची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. म्हणजे १९२७ साली महाडच्या रस्त्यावर बंदूक चालवलेली, कवायत केलेली, पंचविशी-तिशीतली माणसं चालत होती. त्यांच्यासमोर आमचा आजा काय होता? पेंढा विकायला आलेलं पोर. त्या माणसानं मनात आणलं असतं तर मी हे लिहायला जन्मालाच आलो नसतो.

त्यानं काठी का सोडली?

पुस्तकात वाचलं तेव्हा मला आधी सोपं उत्तर मिळालं. बाबासाहेब त्या वेळी डाक बंगल्यावर होते. मार खाल्लेली माणसं तिकडं गोळा झाली. कितीतरी जण सूड घ्यायला आसुसलेले होते, शब्दाची वाट बघत होते. त्यांनी हात उगारायचा नाही असं सांगितलं आणि लोकांनी ऐकलं. त्यांचा विचार मला शेतकऱ्याच्या डोक्यानंसुद्धा कळतो. पाण्याचा प्रश्न होता तोवर ते बरोबर होते, समोरचे चूक होते. उलटा हात उगारला असता तर दुसऱ्या दिवशी पाण्याचं कुणी बोललं नसतं, दंगा कुणी केला याचीच चौकशी झाली असती. समोरच्यांना तेच हवं होतं.

पण बोळातल्या माणसापर्यंत हा शब्द कुठं पोचला होता? तो तर परतीच्या वाटेवर एकटा-दुकटा सापडलेला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती मूठ त्यानं स्वतःच्या मनानं सोडली. का, हे मला सांगता येत नाही. आणखी एक शंका आहे, ती मी लपवत नाही. आज्यानं आधी म्हटलं, तोंड नाही बघितलं. मग म्हणाला, त्यानं माझ्याकडं बघितलं. दोन्ही एका वेळी कसं खरं असेल? पन्नास वर्षं मनात ठेवलेल्या गोष्टीला माणूस थोडं पॉलिश करतो. ज्यानं मारलं त्याला असं वाटायला बरं असतं की ज्याला मारलं तो माफ करून गेला.

हे मी आज्यावर टाकून मोकळा होत नाही. माझ्या हातातही एकदा आलं होतं.

१९८९ च्या पावसात आमचा बांधावरून वाद झाला. चुलतभाऊ, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी थोरला, मी त्याला दादा म्हणतो. दर वर्षी चिखलणीला बांध तासता तासता तो हातभर माझ्या खाचरात सरकला होता. म्हणजे मला तसं दिसत होतं. त्याला विचारलं तर मीच सरकलो होतो. कोकणातल्या वावराचा हातभर म्हणजे काय हे घाटावरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. तिथं एक रांग आवण लागतं, बस. त्या एका रांगेसाठी मी कोयती उगारली. त्या घडीचं जे आठवतं ते असं, की समोर दादा नव्हता. मला पोहायला शिकवलेला, आईच्या आजारपणात डोली खांद्यावर घेऊन पोलादपूरपर्यंत चाललेला माणूस तिथं नव्हताच. बांध सरकवणारं काहीतरी होतं, ते बाजूला करायचं होतं. आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतो. वर गेलेला हात होता, त्याच्यामागून मी चाललो होतो.

दादा पळाला नाही आणि चालूनही आला नाही. लहानपणी मला घरात ज्या नावानं हाक मारायचे, त्या नावानं त्यानं हाक मारली. एकदाच. माझा हात खाली आला. दोघंही चिखलात तसेच उभे राहिलो, मग तो त्याच्या बैलांकडं गेला, मी माझ्या. मोजणीवाला पुढं दोन वर्षांनी आला आणि बांध जिथं होता तिथंच निघाला. म्हणजे कुणीच सरकलं नव्हतं.

जमावात अशी हाक मारणारं कुणी नसतं. तिथं मारणाऱ्यालाही नाव नसतं, मार खाणाऱ्यालाही नसतं. आज्याला त्या बोळात कुणी नावानं हाक मारली असती तर, असं मला वाटत राहतं. पण महाडात त्याला ओळखणारं होतं कोण?

आपल्या बोलीत एक शब्द आहे, दम. एखाद्याला भीती घातली तर आपण म्हणतो दम दिला. आणि राग गिळून थांबला तर म्हणतो दम धरला. शब्द तोच. द्यायला फार लागत नाही, आवाज मोठा असला की पुरतं. धरायला काय लागतं हे बैलवाल्याला विचारा. नांगराला जुंपलेला बैल एकदा चिखलात बसला की त्याला आसुडानं उठवता येत नाही. नवशिका मारत सुटतो, शेपटी पिरगाळतो, बैल आणखी खाली बसतो. आजा अशा वेळी जू सोडायचा आणि बांधावर जाऊन बिडी ओढायचा. माझ्या डोळ्यांदेखत बैल आपणहून उठलेला आहे. नेहमी उठतो असंही नाही. एक तांबडा बैल होता, तो उठला नाही तो नाहीच, शेवटी विकला.

बौद्धवाडीत माझा वर्गमित्र आहे. तोच, खानाच्या फौजेतला. शाळा सुटल्यावर तो मुंबईला गिरणीत लागला आणि ब्याऐंशीच्या संपात सगळं गेल्यावर गावी आला. तेव्हापासून आमच्या झोडणीला तो येतो, त्याच्याकडं मी जातो. एवढं असूनही काठीची गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. कशी सांगणार? शेवटी सांगितली ती २०१६ च्या ऑगस्टमध्ये. सावित्रीवरचा इंग्रजांच्या वेळचा पूल रात्रीच्या पुरात गाड्यांसकट गेला, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. महाडकडच्या एसट्यांचा पत्ता नव्हता. आम्ही पोलादपूरच्या स्टँडवर अडकलो होतो, पाऊस थांबत नव्हता, बोलायला तेवढाच एक विषय होता, कोण वाहून गेलं, कोण सापडलं. त्यात कधीतरी मी बोलून गेलो.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझा आजापण होता तिथं."

माझ्या पोटात गोळा आला. ते त्याला दिसलं असावं.

"तोच असंल असं नाही. खाकी डगले त्या दिवशी ढीगभर असतील. माझा आजा बंगल्यावर होता. हातात काठी होती, जायला निघालेला. बाबासाहेबांनी थांबवलं म्हणून थांबला. पण आमची आजी सांगायची, घरी आला नि तीन दिवस जेवला नाही. रडत नव्हता. दात खात होता. रात्री उठून अंगणात फिरायचा. तुला वाटतं काठी सोडणारा शांत असतो. तसं नसतं रे. मारणाऱ्याचा राग मारून संपतो. न मारणाऱ्याला तो घरी घेऊन जावा लागतो."

मी म्हटलं, "म्हणूनच तर त्याचं मोठेपण."

तेव्हा मात्र तो माझ्याकडं वळला. "मोठेपण तू नको सांगू. आमच्या आज्यांनी काठी सोडली, त्याचं कौतुक तुम्ही करता. पण पाणी दिलंत का दुसऱ्या दिवशी?"

नव्हतं दिलं. दुसरं काहीतरी केलं होतं. एकशे आठ घागरी पाणी तळ्यातून उपसलं, त्यात शेण, गोमूत्र, दही, दूध कालवून मंत्र म्हणून तळं शुद्ध करून घेतलं. ऑगस्टात नगरपालिकेनं स्वतःचाच ठराव फिरवला. मारहाण करणाऱ्यांतल्या काहींना चार महिन्यांची सजा झाली, पण तळं बंदच. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली तेव्हा तळं खाजगी आहे असा दावा आधीच कोर्टात पडला होता, मनाई आली होती. मांडवाला जागा मिळेना, ती एका मुसलमान गृहस्थानं दिली. मुंबईची मंडळी बोटीनं दासगावला उतरून महाडपर्यंत चालत आली. २५ डिसेंबरला रात्री मनुस्मृती जाळली, तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते, हेही सांगितलं पाहिजे. तळ्यात उतरायचं मात्र बाबासाहेबांनी पुढं ढकललं, कारण कोर्टाची मनाई होती. हजारो माणसं तळ्याला वळसा घालून परत गेली. पाणी समोर होतं आणि हात घातला नाही. हा दुसऱ्यांदा दम धरलेला. मग खटला चालला. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. अस्पृश्यांना दूर ठेवायची रूढी पुरातन आहे हे सिद्ध झालं नाही, असं कोर्टानं म्हटलं. त्या ओंजळीला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

मी मित्राला म्हटलं, "नाही दिलं." तो म्हणाला, "मग झालं तर." आणि समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले.

आता मला लोक विचारतील, आणि आमच्याकडं असं विचारणारे पुष्कळ आहेत, की तुझं म्हणणं काय, तलवारीच उचलायच्या नव्हत्या का? माझं तसं म्हणणं नाही. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी एवढी मोठी फौज घेऊन खान आला होता, त्याच्यापुढं वळसा घालून परत जाता आलं नसतं. उमरठच्या माणसानं पोराचं लग्न बाजूला ठेवलं आणि कोंढाण्यावर जीव दिला, त्याचं प्रेत मढेघाटानं खाली आणलं असं आमच्याकडं सांगतात. त्या घाटाच्या वाटेनं मी गेलोय. मोकळ्या हातानं उतरताना पाय लटपटतात, खांद्यावर माणूस घेऊन ते लोक कसे उतरले असतील! हे मला खोटं वाटत नाही आणि लहानही वाटत नाही.

पण महाराजांचं मला सगळ्यात मोठं वाटतं ते दुसरंच. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातलं त्यांचं एक पत्र आहे, चिपळूणकडं छावणी करून असलेल्या आपल्याच लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरा, संपली तर कुणब्यांच्या घरचं धान्य, भाजी, गवत ओरबाडायला जाऊ नका, तसं केलंत तर लोकांना मोगल परवडले असं वाटेल, असा त्याचा मतलब. लष्करातल्या माणसांनी चुली, दिवे जपून वापरावेत, गवताच्या गंजीला आग लागेल, इथवर बारीक लिहिलंय. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो. पुठ्ठ्याच्या तलवारी करताना हे कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं. ज्याच्या हातात सगळं बळ आहे तो राजा आपल्याच तलवारीला सांगतोय, पेंढ्याच्या भाऱ्याला हात लावू नकोस. त्याच्यापुढं पेंढा विकायला गेलेला आणि काठी चालवून आलेला आमचा आजा मला आठवला. त्याच आज्याच्या घरात महाराजांची तसबीर होती, रोज तिला हात जोडले जायचे.

दुसरा राजा सम्राट अशोक. त्याच्याबद्दल मला सांगितलं ते एका निवृत्त मास्तरांनी, गांधारपाल्याच्या लेण्यांत बसून. महाडला येताना हायवेला लागूनच डोंगरात ती लेणी आहेत, आम्ही लहानपणी पांडवलेणी म्हणायचो. उन्हाळ्यात आत गार असतं. मास्तर म्हणाले, कलिंगाची लढाई जिंकल्यावर अशोकानं दगडावर कोरून ठेवलं, लाख माणसं मारली गेली, दीड लाख धरून नेली, याचं मला दुःख होतंय. जिंकलेल्या राजानं असं लिहून ठेवलेलं दुसरं उदाहरण मास्तरांना माहीत नव्हतं, मला तर नाहीच. त्याच्या लेखांचे तुकडे आपल्या सोपाऱ्यालाही सापडलेत. पण त्याच लेखात त्यानं रानातल्या लोकांना बजावलंय, मला पश्चात्ताप झाला असला तरी अंगात ताकद आहे, हे विसरू नका. मी हसलो. राजा तो राजाच.

मग मास्तरांनी पुढचं सांगितलं त्यानं माझं हसू गेलं. हा पश्चात्तापाचा लेख अशोकानं लांब लांबच्या मुलखात लावला, पण खुद्द कलिंगात नाही. धौली आणि जौगड इथं, जिथं ती माणसं मेली, तिथल्या दगडांवर तो वगळून दुसरे लेख कोरले आहेत. ज्यांना मारलं त्यांना सोडून सगळ्यांना सांगितलं.

राजकारण असेल त्यात. तिथल्या लोकांना पुन्हा आठवण कशाला, असा विचार असेल. मास्तरांनी दोन-तीन कारणं सांगितली, माझं लक्ष नव्हतं. मला आमची पडवी दिसत होती. आमच्या पडवीपासून बौद्धवाडी हाकेच्या अंतरावर आहे. रात्री तिथं कुणी खोकलं तर आमच्याकडं ऐकू येतं. आजा पन्नास वर्षं त्या खोकल्याच्या अंतरावर राहिला. त्यांच्या लग्नाला गेला असेल, मयताला गेला असेल, पण कुणाच्या अंगणात बसून "मी त्या दिवशी तिथं होतो" असं बोलला नाही. नातवाला सांगितलं. आणि नातवानं, म्हणजे मी, सांगायला आणखी एकोणचाळीस वर्षं घेतली, तीही पुलाच्या गप्पांत, पाऊस होता म्हणून.

दर वीस मार्चला महाडला माणसांचा पूर येतो. कुठून कुठून येतात, विदर्भातून, मराठवाड्यातून, म्हातारी माणसं काठी टेकत, लेकरं काखेत. मी तीन वेळा गेलोय. एकदा तळ्याच्या पायरीवर माझ्या शेजारी परभणीकडची एक बाई बसली होती. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, पोराच्या डोक्यावर लावलं. मग मला म्हणाली, "भाऊ, तुमी इथलेच का? नशीबवान हाय." मी हो म्हणालो. एवढंच म्हणालो.

हा लेख लिहून झाल्यावर गेल्या दिवाळीनंतर मित्राला वाचून दाखवला. त्याच्याच ओटीवर. वहिनी दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यानं दोन ठिकाणी थांबवलं. एक, त्याच्या आज्याचं तीन दिवस न जेवणं, ते दोन दिवस असेल म्हणाला, आजी वाढवून सांगायची. मी म्हटलं, तीनच ठेवतो, आजीचा मान म्हणून. दुसरं, "तुझ्या आज्याचं नाव कुठं आलं नाही यात."

मी म्हटलं, "घरातले काय म्हणतील? पोरं आहेत, सुना आहेत. गावात वाचतील."

तो हसला. "तुझा आजापण हेच म्हणाला असता," म्हणाला. मग कागद गुंडाळून माझ्या हातात दिले आणि विचारलं, "उद्या झोडणी आहे ना तुझी? किती वाजता येऊ?"

"सातला ये," मी म्हटलं. "दव सुकू दे जरा."